नकाशावर नाव कुणाचं?

आमचं अंबाजोगाई म्हणजे योगेश्वरीचं गाव. कोकणस्थ मंडळींचं हे कुलदैवत, त्यामुळे रत्नागिरी-चिपळूणपासून पुण्या-मुंबईपर्यंतची कुटुंबं वर्षभर दर्शनाला येत असतात. शिवाय इथं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय. आजूबाजूच्या तालुक्यांतून पेशंट येतात, सोबत दोन-तीन नातेवाईक असतातच. शिकायला येणारी मुलंमुली वेगळीच. या सगळ्यांना दोन वेळचं जेवण लागतं आणि आपल्या गल्लीबोळांत डबे करून देणाऱ्या बायकाही काही कमी नाहीत. पूर्वी परगावची माणसं देवळाबाहेर फुलवालीला नाही तर रिक्षावाल्याला विचारायची, 'घरगुती जेवण कुठं मिळेल हो?' तो सांगेल तिथं जायची. हल्ली कुणी विचारत नाही. गाडीतच मोबाईल काढतात, नकाशा उघडतात आणि त्यात दिसेल तिथं जातात. आणि नकाशात काय दिसतं? रस्त्यावरचे ढाबे, स्टँडजवळची हॉटेलं. आपली डबेवाली ताई दोनशे पावलांवर असते, तिच्या पोळ्यांचा वास रस्त्यापर्यंत येत असतो, पण ती नकाशात नसते!

नकाशात दिसायला पैसे भरावे लागतात, असा आपल्यातल्या बहुतेकींचा समज आहे. तो अगदी चुकीचा आहे. गुगलच्या नकाशात धंद्याची नोंद करायला एक रुपयाही लागत नाही. या सोयीला आज 'गुगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. २०१४ ते २०२१ पर्यंत तिचं नाव 'गुगल माय बिझनेस' होतं, म्हणून कॉम्प्युटरवाली मुलं अजून तेच नाव घेतात. दुकानाचं नाव, ते कशाचं, कुठं, किती ते किती उघडं, फोन नंबर, चार फोटो आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय, एवढं त्यात असतं. जस्टडायलवरही अशी फुकट नोंद होते. पण परगावचा माणूस रस्ता शोधायला नकाशा उघडतोच, म्हणून मी आज त्या नोंदीबद्दलच लिहिते आहे.

मैत्रिणींनो, यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल. दुकानं तर सगळीच नकाशात असतात. खरं आहे, रस्त्यावरची दुकानं असतात. नकाशात एखादं ठिकाण कुणीही सुचवू शकतं. रस्त्यावर शटर आहे, वर पाटी आहे, मग जाणारा-येणारा कुणीतरी फोटो काढून घालून देतो. मालकाला पत्ताही नसतो आणि तो नकाशात जाऊन बसलेला असतो. घरातल्या धंद्याला ना शटर, ना पाटी. स्वयंपाकघरात, माडीवर, पडवीतल्या शिलाई मशीनवर चालणारं काम रस्त्यावरून दिसतच नाही. ते कोण सुचवणार? म्हणजे बाजारात जो आधीच दिसतो तो नकाशातही आपोआप दिसतो, आणि जी दिसत नाही तिला स्वतः होऊन नाव घालावं लागतं.

आणि नाव घालायला हातात फोन लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३३ टक्क्यांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के होतं. स्वतःला वापरायला मोबाईल आहे असं सांगणाऱ्या बायका ५४ टक्के होत्या. त्यानंतर फोन वाढलेत, हे आपण घराघरांत बघतोच. पण घरात फोन असणं वेगळं आणि तो बाईच्या हातात, तिच्या कामासाठी असणं वेगळं.

आणखी एक आकडा सांगते, कारण तो पुढं उपयोगी पडणार आहे. सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीप्रमाणे देशात काम करणाऱ्या दर १०० बायकांमागे ६७ जणी स्वयंरोजगारात आहेत. वाचून बरं वाटतं ना? पण त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे १०० मागे जवळजवळ ३७ जणी 'घरच्या उद्योगातल्या मदतनीस' या रकान्यात आहेत. यात शेतीवर राबणाऱ्या पुष्कळ. मदतनीस म्हणजे दिवसभर काम करणारी, पण जिला पगार नाही आणि धंदाही जिच्या नावावर नाही अशी.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही हा नोंदणीचा विषय दोन-तीनदा घेतला. वाटलं होतं, फोन हाताळणं अवघड जाईल. ते जमलं. गाडी अडली ती पहिल्याच रकान्याला. धंद्याचं नाव! डबे करणाऱ्या एक काकू म्हणाल्या, 'नाव कसलं बाई त्याला? घरचंच आहे की.' सतरा वर्षं झाली त्यांना डबे करून. त्यांच्या हातचं जेवून गेलेली मुलं आज डॉक्टर झाली, त्यांची लग्नं झाली, पत्रिका आल्या. पण कामाला नाव नाही. कुणी 'वाड्यातल्या काकू' म्हणतं, कुणी 'डबेवाल्या'. ब्लाऊज शिवणारी ती 'पोस्टामागची शिवणवाली'. एकीनं नवऱ्याच्या बंद पडलेल्या दुकानाचं नाव सांगितलं, एकीनं मुलाचं. देवीचं नाव तर निम्म्याजणींना हवं होतं. म्हटलं, बायांनो, योगेश्वरीच्या नावाची गावात इतकी दुकानं आहेत की देवीलाही आपलं कुठलं ते सापडायचं नाही! खूप हसलो. शेवटी काकूंनी माहेरी त्यांना ज्या नावानं हाक मारायचे ते ठेवलं. लग्नानंतर ते नाव कुणी घेतलं नव्हतं म्हणाल्या.

नाव एकदा ठरलं की तेच पाटीवर, तेच पिशवीवर, तेच नकाशात. त्याला शेपूट लावायचं नाही. 'अमुक घरगुती डबा, अंबाजोगाईतील नंबर एक, स्वस्त व मस्त' असं लिहिलं तर ते नियमात बसत नाही, नोंद बंदही होऊ शकते. वर्णनाला वेगळी जागा असते, ७५० अक्षरांपर्यंत. तिथं मराठीतून खुशाल लिहा. डबा किती वाजता पोचतो, एकादशीला उपवासाचं मिळतं का, पेशंटसाठी बिनतिखट करता का, हेच माणसं शोधत असतात.

आडनावाचीही चर्चा झाली, ती सांगायलाच हवी. एक मैत्रीण म्हणाली, तिला फोन येतो, भाजी काय आहे हे विचारायच्या आधी पलीकडचा माणूस विचारतो, 'ताई, तुमचं आडनाव काय?' आता हा प्रश्न का विचारतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तोंडोतोंडी पसरणाऱ्या धंद्याची ही दुसरी बाजू. ओळखीतून गिऱ्हाईक मिळतं, पण ओळख जिथं संपते, जातीची रेघ जिथं येते, तिथं गिऱ्हाईकही संपतं. नकाशा बघून येणारा परगावचा असतो. त्याला भूक लागलेली असते, आई दवाखान्यात असते. तो आडनाव विचारत बसत नाही. सगळेच असे नसतात म्हणा, पण बरेच असतात. नावात आडनाव न घालण्याचं त्या मैत्रिणीनं ठरवलं, आणि मला ते पटलं.

आता मुख्य गोष्ट. नोंद करायला जीमेलचं खातं लागतं. ज्या खात्यातून नोंद होते ते खातं त्या नोंदीचं मुख्य मालक. गुगलला काकू माहीत नाहीत, त्यांची पातेली माहीत नाहीत. त्याला खातं माहीत. आणि आपल्याकडं होतं काय? 'ए बाळा, जरा मला नकाशात टाक रे,' म्हणून आपण भाच्याच्या नाही तर दिराच्या हातात फोन देतो. तो पाच मिनिटांत स्वतःच्या खात्यातून करून टाकतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. काकूंचीच गोष्ट घ्या. भाच्यानं त्यांचं एकदा असंच करून दिलं होतं, 'घरगुती मेस' एवढंच नाव घालून आणि नंबर स्वतःचा. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला. त्यानंतर कितीजणांनी त्या बंद नंबरावर फोन केला असेल, देव जाणे.

पण मन विषण्ण करणारी गोष्ट शेजारच्या तालुक्यातली आहे. तिथल्या एका मैत्रिणीचं ब्युटी पार्लर. नोंद दिरानं करून दिली होती, त्याच्या खात्यातून. आठ वर्षांत दोनशेच्या वर अभिप्राय जमले. 'ताईंचा हात हलका आहे', 'नवरीचा मेकअप करावा तर इथंच', असे. पुढं घरात वाटण्या झाल्या. दिराच्या बायकोनंही पार्लर शिकून घेतलेलं होतं, तिनं त्याच पेठेत वेगळं पार्लर काढलं. दिरानं नोंदीतला आधी फोन नंबर बदलला, मग पत्ता. झालं! आठ वर्षांचं कौतुक एका रात्रीत दुसऱ्या दारावर गेलं. बाहेरगावच्या नवऱ्या मुली त्या अभिप्रायांवर विश्वासून त्या दारात जातात. वाटणीच्या कागदात भांडी होती, कपाट होतं, पार्लरची खुर्चीसुद्धा होती. हे नव्हतं. कारण ही मिळकत आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं, तिला स्वतःलाही.

ही दीर-भावजयीची भांडणं म्हणून सोडून देऊ नका. मघाशी 'मदतनीस' हा रकाना सांगितला तो यासाठीच. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, दुकानाचा परवाना मुलाच्या नावावर, याची आपल्याला सवय झाली आहे. निदान तिथं स्टँपचा खर्च, वडिलार्जित मिळकत, अशी कारणं तरी सांगितली जातात. इथं तर कसलाच खर्च नाही, कुणाची सही लागत नाही, तलाठ्याकडं जावं लागत नाही. धंदा स्वतःच्या नावावर करून घ्यायची इतकी सोपी संधी बाईला क्वचित मिळते. तीसुद्धा आपण 'मला नाही त्यातलं कळत' म्हणून हातानं देऊन टाकतो.

तेव्हा आधी स्वतःचं जीमेल खातं उघडा. पासवर्ड विसरला तर तो परत मिळवण्यासाठी जो नंबर देतात, तो तुमचाच द्या. पासवर्ड वहीत लिहून ती वही जिथं तुमचे दागिने असतात तिथं ठेवा. मुलाची, भाचीची मदत जरूर घ्या, पण तुमच्या फोनवर, तुमच्या खात्यातून. त्यांना रोजचं बघायला सांगायचं असेल तर नोंदीत 'मालक' आणि 'व्यवस्थापक' असे दोन प्रकार असतात. भाच्याला व्यवस्थापक करा. तो फोटो घालू शकेल, उत्तरं देऊ शकेल, पण मालकाला काढू शकणार नाही. आणि नोंद आधीच दुसऱ्याच्या खात्यातून झाली असेल तर आज, संबंध गोड आहेत तोवर, त्याला सांगून स्वतःला मालक म्हणून जोडून घ्या. नव्यानं जोडलेल्या मालकाला मुख्य मालकी मिळायला आठवडाभर थांबावं लागतं, तेवढं थांबा. ज्याची नोंद आहे तो सापडतच नसेल, तर नकाशातल्या त्या नोंदीखालीच 'हा धंदा माझा आहे' असं सांगून मागणी करता येते. काकूंची नोंद अशीच परत मिळाली. पार्लरवाल्या मैत्रिणीची मागणी मात्र दिरानं नाकारली.

दुसरी काळजी घरच्यांची असते, आणि ती वावगी नाही. 'आपला पत्ता साऱ्या जगाला कशाला?' बाई घरात एकटी असते, दार उघडावं लागतं, रात्री-अपरात्री फोन येतात. यावर घरात वाद घालण्यापेक्षा नियम समजून घ्या. गिऱ्हाईक तुमच्याकडं येत नसेल, तुम्हीच डबा पोचवत असाल किंवा घरोघरी जाऊन मेंदी काढत असाल, तर पत्ता लपवायचा असतो. कोणकोणत्या भागात सेवा देता तेवढंच दाखवायचं. गिऱ्हाईक घरी येतं, पण दारावर कायमची पाटी नाही, तरीही तसंच करायचं. पाटी असेल तरच पत्ता दाखवावा. म्हणजे शिवणवाल्या ताईंनी पाटी लावली तर पत्ता दिसेल, डबेवाल्या काकूंचा दिसणार नाही, आणि दोघींना गिऱ्हाईक मिळेल. पत्ता गुगलला द्यावा लागतो, पण लोकांना तो दिसत नाही.

फोनसाठी दुसरं सिम घ्या, हे मी कळकळीनं सांगते. महिन्याला थोडे पैसे जातील, जाऊ द्या. घरचा नंबर एकदा नकाशात गेला की तो परत येत नाही. धंद्याचा नंबर रात्री आठला बंद करता येतो. त्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं जे वेगळं अ‍ॅप आहे ते घालता येतं, मग तुमचा मुलीच्या वाढदिवसाचा स्टेटस डब्याच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. एकीला या नकाशातल्या नंबरावर एक माणूस रोज दुपारी फोन करून 'आज काय बनवलंय' विचारायचा आणि डबा कधीच घ्यायचा नाही. तिनं नंबर अडवला आणि विषय संपवला. घरच्या नंबरावर असतं तर घरात केवढं महाभारत झालं असतं, विचार करा.

नोंद भरून झाली की ती खरी आहे का, हे गुगल पडताळतं. कधी फोनवर किंवा मेसेजवर आकडा येतो, पण हल्ली बऱ्याचदा मोबाईलवर चित्रीकरण करून पाठवायला सांगतात. कुठली पद्धत ते आपण ठरवू शकत नाही. चित्रीकरण सलग हवं, कापाकापी न केलेलं, निदान अर्धा मिनिट. आधी बाहेरचा रस्ता, कोपऱ्यावरची पाटी, मग कामाची जागा आणि साधनं, मग हा धंदा तुम्हीच चालवता याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडणं, धंद्याच्या नावाचा एखादा कागद. आधार नंबर, बँकेचं पुस्तक, घरातल्यांचे चेहरे त्यात येऊ देऊ नका. धंद्याचा कागद नसेल तर केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी आहे. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे आणि तीही फुकट होते, बाईच्या स्वतःच्या आधारवर. खाद्यपदार्थ करणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, घरगुती असलं तरी. हे कागद या निमित्तानं झाले तर बरंच आहे. एक मात्र लक्षात घ्या. नुसत्या कुरिअरनं पापड-लोणची पाठवत असाल आणि गिऱ्हाइकाची समोरासमोर गाठच पडत नसेल, तर ही नोंद तुमच्यासाठी नाही. तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम बरं.

इतकं सगळं फुकट म्हटल्यावर मध्ये दलाल आलेच! गावोगावी दोन-दोन हजार रुपये घेऊन नोंदणी करून देणारे आहेत. मेहनतीचे म्हणून कुणी दोनशे-तीनशे घेतले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बहुतेक वेळा तो त्याच्याच खात्यातून करतो आणि पुढं दरवर्षी पैसे मागतो. म्हणजे पैसे दिले आपण आणि मालक झाला तो! दुसरे असतात फोनवाले. 'मॅडम, गुगलमधून बोलतोय, तुमची नोंद उद्या बंद होणार, अमुक पैसे भरा,' किंवा 'तुम्हाला यादीत पहिलं आणतो.' नोंदीसाठी गुगल पैसे घेत नाही, आणि पैसे भरून यादीत वरचा क्रमांकही मिळत नाही. जाहिरात करायची सोय वेगळी आहे, तिथं 'जाहिरात' असं लिहिलेलंच असतं. यादीत कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधणाऱ्याला हवं तेच तुम्ही करता का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आणि तुमचं नाव किती झालेलं. फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर १९३० या नंबरावर लगेच कळवा, शरमेनं घरात बसू नका.

अभिप्राय विकत देणारेही आहेत. पन्नास पाच-तारे अमुक रुपयांत! २०२३ या एका वर्षात नियमाबाहेरचे १७ कोटींहून जास्त अभिप्राय अडवले किंवा काढले, असं गुगलनंच सांगितलं आहे. आपल्या भारतीय मानक ब्युरोनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, आयएस १९०००. ते पाळणं सक्तीचं केलेलं नाही, पण खोट्या अभिप्रायांची दखल घ्यावी लागली, हे खरं. तुमच्या मुलींना, डबा घेणाऱ्या पोरांना 'बाळांनो, दोन ओळी लिहा रे' असं सांगायला काही हरकत नाही. लिहिलं तर एक डबा फुकट देईन, असं मात्र म्हणायचं नाही. ते नियमाबाहेर आहे.

आणि वाईट अभिप्राय येणार. 'भाजी फार तिखट, एक तारा.' आमच्या काकू दोन दिवस जेवल्या नाहीत त्यावरून! त्यांचे यजमान तर लिहिणाऱ्याला शोधायला निघाले होते. मग आम्ही उत्तर लिहिलं, 'आपण सांगितल्याबद्दल आभार. बिनतिखट भाजी सांगितल्यास करून देतो.' पुढं दोन पेशंटच्या घरून त्याच उत्तरामुळे फोन आले. आपल्याला आवडला नाही म्हणून अभिप्राय निघत नाही. पण कुणी बाईबद्दल घाणेरडं लिहिलं, जातीवरून लिहिलं, धमकी दिली, तर तिथंच तक्रार करायची सोय आहे. ती करा. आधी त्याचा फोटो मात्र काढून ठेवा.

आता गुगल हे सगळं फुकट का देतं, हा प्रश्न आपल्या हिशेबी डोक्यात यायलाच हवा. आपली लाखो दुकानं नकाशात आहेत म्हणून लोक नकाशा उघडतात, लोक उघडतात म्हणून तिथं जाहिराती विकता येतात. आपण माल पुरवतो, ते जागा देतात. जागा त्यांची, मर्जी त्यांची. ही नोंद करणाऱ्यांना गुगल एक छोटी वेबसाइटही फुकट करून द्यायचं. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. नोंदीतून गप्पा मारण्याची सोय होती, तीही त्याच वर्षी जुलैत बंद झाली. ज्यांनी पिशव्यांवर त्या वेबसाइटचा पत्ता छापून घेतला होता, त्यांनी काय करायचं? शोधाच्या निकालात पक्षपात केला म्हणून आपल्या स्पर्धा आयोगानं गुगलला फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५ कोटींवर दंड केला होता. एवढ्या मोठ्या कंपनीपुढं आपण डबेवाल्या बायका म्हणजे काय! म्हणून नकाशावर नाव घाला, पण सगळं गणित त्यावर मांडू नका. गिऱ्हाइकांचे नंबर वहीत लिहून ठेवा. देवळाबाहेरच्या फुलवालीला अधूनमधून डबा पाठवा. तिची शिफारस कुणाला बंद करता येत नाही.

१९७५ मध्ये स्थापन झालेलं माविम आणि २०११ मध्ये सुरू झालेलं 'उमेद' बायकांचे गट बांधण्याचं काम करत आहेत. प्रशिक्षणं होतात, प्रदर्शनं लागतात, पापड-लोणच्यांचे स्टॉल असतात. या प्रशिक्षणांत अर्धा दिवस या नोंदणीला मिळावा असं मला वाटतं, आणि तो पडद्यावर चित्रं दाखवून नव्हे, प्रत्येकीच्या हातात तिचा फोन देऊन. कार्यक्रम संपला की हजेरीपटावर किती जणी आल्या ते लिहितात. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढा: किती जणींचा पासवर्ड त्यांच्या स्वतःकडं आहे. तो रकाना किती भरतो ते बघितलं की प्रशिक्षणाचा खरा हिशेब कळेल.

आमच्या गटात आम्ही अकराजणी. आतापर्यंत पाचजणींची नोंद झाली आहे. काकूंना महिन्याला तीन-चार नवे डबे मिळतात, त्यापलीकडं काही चमत्कार झालेला नाही. शिवणवाल्या ताईंचं चित्रीकरण एकदा नाकारलं, कारण पाटी नव्हती. त्यांनी पाटी रंगवून घेतली आणि दुसऱ्या वेळी ते पास झालं. एकीच्या घरी अजून 'विचारून सांगते' चालू आहे. पार्लरवाल्या मैत्रिणीनं नव्या नावानं, स्वतःच्या खात्यातून पुन्हा नोंद केली आहे. परवापर्यंत तिथं नऊ अभिप्राय होते.